हजारो टेबलांचा डेटाबेस: आधी साचे मोजा

प्रश्न थोडक्यात असा: पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या एका डेटाबेसमध्ये टेबलांची संख्या बारा हजारांवर गेली आहे आणि प्रत्येक नव्या ग्राहकामागे ती वाढतेच आहे. बॅकअप मध्येच पडतो, मायग्रेशन (टेबलांच्या रचनेत बदल करणारी स्क्रिप्ट) रात्र रात्र चालतं, आणि कोणतं टेबल कशासाठी आहे हे कुणालाच धड सांगता येत नाही. याची घडी कशी बसवायची? उत्तर मुख्यतः पोस्टग्रेस धरून देतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये वेगळं काय, ते शेवटाकडे आहे.

बारा हजार हा आकडा स्वतःहून घाबरण्यासारखा नाही. पोस्टग्रेसची कागदोपत्री मर्यादा एका डेटाबेसला १४३ कोटींहून अधिक रिलेशन (टेबलं, इंडेक्स वगैरे) इतकी आहे. त्या मर्यादेपर्यंत कुणी पोचत नाही, कारण लॉक (टेबल वापरताना त्यावर लागणारं कुलूप), मेमरी, मायग्रेशन आणि अपग्रेड ही दुखणी त्याच्या कितीतरी आधी सुरू होतात. पण औषध ठरवण्याआधी टेबलं इतकी का झाली ते बघावं लागतं. कारणं साधारण तीनच असतात. एक, विषयच तेवढे आहेत: सॅपसारख्या ईआरपीत (कंपनीचा सगळा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) हजारो टेबलं असतात आणि त्यातली बहुतेक खरोखर वेगळी असतात. दोन, एकच साचा पुन्हा पुन्हा छापला गेला आहे: ग्राहकवार, शाखावार, महिनावार. तीन, उकिरडा: नावाच्या शेवटी ओल्ड, बॅकअप, टेस्ट किंवा एखादी तारीख चिकटवलेली टेबलं. पहिल्या प्रकाराला शिस्त लागते, दुसऱ्याला रचना बदलावी लागते आणि तिसऱ्याला झाडू. बहुतेक ठिकाणी तिन्हींची सरमिसळ असते आणि लोक दुसऱ्या प्रकारावर पहिल्याचे उपाय करत बसतात.

म्हणून टेबलं मोजण्याआधी साचे (कॉलमची नावं आणि प्रकार यांच्या वेगवेगळ्या रचना) मोजा. पीजी_अ‍ॅट्रिब्यूट या कॅटलॉग टेबलामधून (कॅटलॉग म्हणजे पोस्टग्रेसची स्वतःच्या टेबलांची नोंदवही) प्रत्येक टेबलाचे कॉलम घ्या. अ‍ॅटनम शून्यापेक्षा मोठा आणि अ‍ॅटइजड्रॉप्ड फॉल्स, या दोन अटी विसरू नका. नाहीतर सिस्टिम कॉलम आणि पूर्वी काढून टाकलेले कॉलमही हिशेबात येतात. टेबलं-इंडेक्सची यादी असलेल्या पीजी_क्लासशी जोडताना साधी आणि पार्टिशन केलेली (तुकड्यांत विभागलेली) टेबलं एवढीच ठेवा. मग कॉलमचं नाव आणि फॉरमॅट_टाइपने मिळणारा प्रकार जोडून, नावांच्या क्रमाने एकाच मजकुरात गुंफायला स्ट्रिंग_अ‍ॅग करा, त्याचा एमडी५ हॅश (मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा) काढा आणि त्या हॅशवर ग्रुप बाय लावा. क्रम अ‍ॅटनमचा नको, नावाचाच हवा. कॉलम मागेपुढे जोडले गेल्यामुळे एकाच साच्याची दोन टेबलं वेगळी दिसू लागतात, ते त्यामुळे टळतं.

या एका क्वेरीतून बरंच कळतं. बारा हजार टेबलांतून दीडशे हॅश निघाले, तर तुमचा डेटाबेस दीडशे टेबलांचा आहे, बाकी सगळ्या प्रती. आठ हजार हॅश निघाले, तर खरंच मोठा डेटाबेस आहे. आणि ग्राहकांच्या ऑर्डर टेबलांना एकच हॅश यायला हवा असताना चार आले, तर काही मायग्रेशनं काही ग्राहकांपर्यंत पोचलीच नाहीत असं समजा. ही फूट आधी मिटवा. ती तशीच ठेवून पुढचं कोणतंही काम सुरू केलं तर ते अर्ध्यावर अडकणार.

रिकाम्या टेबलाची किंमत

‘टेबलात काही नाहीच, मग त्रास कसला?’ हा समज पोस्टग्रेसमध्ये खोटा ठरतो. वीस कॉलमचं, एक टेक्स्ट कॉलम आणि प्रायमरी की असलेलं टेबल बनवलं की पीजी_क्लासमध्ये चार नोंदी होतात: टेबल, त्याचा इंडेक्स, टोस्ट टेबल (लांबलचक मजकूर ठेवायचं जोडटेबल), टोस्टचा इंडेक्स. सीरियल कॉलम असेल तर सीक्वेन्सची (आपोआप पुढचा क्रमांक देणाऱ्याची) पाचवी. पीजी_अ‍ॅट्रिब्यूटमध्ये टेबलाचे वीस अधिक सहा सिस्टिम कॉलम, टोस्टचे तीन अधिक सहा, दोन्ही इंडेक्सचे मिळून तीन, अशा अडतीस ओळी. डिस्कवर चार फायली, त्यातले दोन्ही इंडेक्स प्रत्येकी ८ केबीचे. अशी एक लाख टेबलं म्हणजे एकही ओळ न भरता चार लाख फायली आणि कॅटलॉगमध्ये किमान अडतीस लाख ओळी. टेबलामागे आणखी चार इंडेक्स असतील तर फायली आठ लाखांवर जातात.

फायलींचा त्रास एरवी जाणवत नाही. सर्व्हर कोसळल्यावर जाणवतो. क्रॅशनंतर सुरू होताना पोस्टग्रेस डेटा डिरेक्टरीतल्या प्रत्येक फायलीवर एफसिंक करतो (ती खरोखर डिस्कवर उतरवतो) आणि लाखो फायली असल्या की त्यातच बराच वेळ जातो. लिनक्सवर आवृत्ती १४ पासून रिकव्हरी_इनिट_सिंक_मेथड ही सेटिंग सिंकएफएसवर ठेवता येते. मग फायलीगणिक नाही, फाइलसिस्टिमगणिक एकदाच सिंक होतो.

बॅकअप मध्येच का पडतो

पीजी_डंप (पोस्टग्रेसचं बॅकअपचं साधन) सुरुवातीलाच प्रत्येक टेबलावर अ‍ॅक्सेस शेअर लॉक घेतो, तेही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. सामायिक लॉक टेबलाचा आकार ठरतो तो मॅक्स_लॉक्स_पर_ट्रान्झॅक्शन गुणिले (मॅक्स_कनेक्शन्स अधिक मॅक्स_प्रिपेअर्ड_ट्रान्झॅक्शन्स). मूळ सेटिंगमध्ये ६४ गुणिले १००, म्हणजे साधारण ६,४०० जागा. तिथे बारा हजार लॉक मावणार नाहीत, आणि ‘आउट ऑफ शेअर्ड मेमरी’ असा एरर येतो. नाव वाचून लोक रॅम वाढवतात किंवा शेअर्ड_बफर्सशी खेळत बसतात. त्याचा इथे काही संबंध नाही. खालच्या हिंटमध्ये योग्य सेटिंगचं नाव दिलेलं असतं, ते वाचा. ६४ चे २५६ करा, जागा २५,६०० होतात, जादा मेमरी किरकोळ लागते. बदलासाठी रिस्टार्ट लागतो. स्टँडबाय (मुख्य सर्व्हरच्या, म्हणजे प्रायमरीच्या, मागोमाग चालणारी प्रत) असेल तर किंमत आधी स्टँडबायवर वाढवा, मग प्रायमरीवर. प्रायमरीची किंमत स्टँडबायपेक्षा मोठी झाली तर स्टँडबायची रिकव्हरी थांबते.

डंप डिरेक्टरी फॉरमॅटमध्ये आणि समांतर जॉब्ज लावून घ्या. स्कीमावार (स्कीमा म्हणजे डेटाबेसमधला टेबलांचा कप्पा) वेगवेगळे डंप घेणार असाल तर ते एकमेकांशी जुळणार नाहीत हे लक्षात ठेवा: सकाळी घेतलेल्या ऑर्डर आणि दुपारी घेतलेली बिलं. ते जुळवायचं असेल तर एका ट्रान्झॅक्शनमधून स्नॅपशॉट (त्या क्षणीचं डेटाचं चित्र) एक्स्पोर्ट करून तोच प्रत्येक पीजी_डंपला स्नॅपशॉट पर्यायाने द्यावा लागतो, आणि सगळे डंप होईपर्यंत ते ट्रान्झॅक्शन उघडं ठेवावं लागतं. टेबलं खरंच खूप असतील तर रोजचा बॅकअप फिजिकल ठेवा, म्हणजे बेस बॅकअप (डेटा फायलींची प्रत) आणि वॉल (प्रत्येक बदलाची नोंद) आर्काइव्ह. लॉजिकल डंप अधूनमधून पुरतो.

लॉकचंच गणित डिलीट करतानाही आडवं येतं. पाच हजार टेबलांची स्कीमा कॅस्केडने एका फटक्यात उडवायला गेलात तर तोच एरर येईल. दोनशे-तीनशे टेबलांच्या गटांनी उडवा, प्रत्येक गट आपापल्या ट्रान्झॅक्शनमध्ये.

मेमरी आणि कनेक्शन पूल

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे वेगळी प्रोसेस, आणि ती ज्या ज्या टेबलाला हात लावते त्याची माहिती स्वतःच्या रिलेशन कॅशमध्ये ठेवते. मेमरी कमी पडली म्हणून ती कॅश आपोआप रिकामी होत नाही. पूलमधलं (उघडं ठेवून पुन्हा पुन्हा वापरलं जाणारं) कनेक्शन दिवसभरात सगळ्या ग्राहकांच्या सगळ्या टेबलांवरून फिरलं की ते फुगतं. अशी दोनशे कनेक्शनं असतील तर मेमरी कुठे गेली हे शोधताना नाकी नऊ येतात. पीजीबाउन्सर या पूल सांभाळणाऱ्या साधनातलं सर्व्हर_लाइफटाइम (कनेक्शनचं आयुष्य) मूळचं ३,६०० सेकंद असतं. ते कमी करून कनेक्शनं लवकर बदलायला लावणं हा सोपा उतारा. ग्राहकांच्या गटांना वेगवेगळे पूल देणं हा जास्त चांगला.

याच ठिकाणी एक सुरक्षेची फट आहे. ग्राहकवार स्कीमा आणि सर्च_पाथ (टेबल कोणत्या स्कीमात शोधायचं ती सेटिंग) अशी रचना असेल आणि पूल ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (ट्रान्झॅक्शन संपताच कनेक्शन दुसऱ्याला) असेल, तर साध्या सेटने लावलेला सर्च_पाथ त्या सर्व्हर कनेक्शनवर तसाच राहतो आणि पुढच्या ग्राहकाची क्वेरी आधीच्याच्या स्कीमात जाऊन पडते. सेट लोकल वापरा, आणि तो ट्रान्झॅक्शनच्या आतच. ट्रान्झॅक्शनबाहेर सेट लोकलचा काहीही परिणाम होत नाही, फक्त वॉर्निंग येते.

एकच साचा, हजार प्रती

ग्राहकवार टेबलं एकत्र करता येत असतील तर करा, असं माझं स्पष्ट मत आहे. अपवाद असे: करारात किंवा कायद्यात डेटा वेगळा ठेवण्याची अट आहे, एकेका ग्राहकाचा डेटा वेगळा रिस्टोअर करावा लागतो, किंवा प्रत्येकाचे कॉलम खरोखर वेगळे आहेत. तसं असेल तर स्कीमा वेगळ्या ठेवा, पण ग्राहक चार-सहा डेटाबेसांत वाटून टाका.

एकत्र करताना प्रत्येक टेबलात ग्राहक क्रमांकाचा कॉलम येतो आणि प्रायमरी की जोडकी होते: ग्राहक क्रमांक अधिक जुना आयडी. प्रत्येक ग्राहकाचा सीक्वेन्स एकपासून सुरू झालेला असल्यामुळे नुसता जुना आयडी एकमेव राहत नाही. फॉरेन कीसुद्धा (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या) जोडक्याच करा. इथे आळस केला तर एका ग्राहकाची बिल-ओळ दुसऱ्याच्या बिलाला लागते आणि डेटाबेस त्यावर काहीच बोलत नाही. इंडेक्सचा पहिला कॉलम ग्राहक क्रमांक. टेबल फार मोठं होणार असेल तर त्याच कॉलमवर सोळा किंवा बत्तीस हॅश पार्टिशन पुरेत.

अ‍ॅप्लिकेशनचा कोड एका रात्रीत बदलत नाही, तेव्हा मधल्या काळासाठी व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी) वापरा. ग्राहकाच्या स्कीमातलं जुनं टेबल बाजूला करून त्याच नावाचा व्ह्यू उभा करायचा: सामायिक टेबलातून फक्त त्या ग्राहकाच्या ओळी, सोबत विथ चेक ऑप्शन (दुसऱ्याची ओळ लिहू न देणारी अट). एका टेबलावरचा असा साधा व्ह्यू पोस्टग्रेसमध्ये आपोआप लिहिता येण्याजोगा असतो. ग्राहक क्रमांकाचा कॉलम व्ह्यूमध्ये ठेवावाच लागतो, पण तो सगळ्यात शेवटी ठेवा आणि अल्टर व्ह्यूने त्याला डिफॉल्ट द्या. मग कॉलमची यादी न देता केलेले जुने इन्सर्टही चालतात. ग्राहक एकेक करून हलवा: त्या ग्राहकापुरतं लिहिणं बंद, डेटा कॉपी, ओळींची संख्या आणि रकमांच्या बेरजा जुळवणं, व्ह्यू उभा, लिहिणं सुरू. कोड बदलून झाला की व्ह्यू काढून टाका.

रो लेव्हल सिक्युरिटी (कुणाला कोणत्या ओळी दिसाव्यात ते ठरवणारे नियम, म्हणजे पॉलिसी) लावणार असाल तर दोन खड्डे ठाऊक हवेत. टेबलाच्या मालकाला ती लागू होत नाही, फोर्स केल्याशिवाय. म्हणून अ‍ॅप्लिकेशनचा रोल मालक नसावा. आणि व्ह्यू मूळतः आपल्या मालकाच्या अधिकारांनी चालतो, त्यामुळे व्ह्यूमधून वाचताना क्वेरी करणाऱ्याला लावलेली पॉलिसी बाजूला पडते. आवृत्ती १५ पासून सिक्युरिटी_इन्व्होकर हा पर्याय त्यासाठीच आहे.

महिनावार टेबलांचं काम त्यामानाने सोपं आहे. आवृत्ती १० पासूनचं डिक्लेरेटिव्ह पार्टिशनिंग वापरा आणि जुनी टेबलं अ‍ॅटॅच करा. अ‍ॅटॅच करण्याआधी प्रत्येकावर तारखेचा चेक कन्स्ट्रेंट नॉट व्हॅलिड म्हणून घाला, मग व्हॅलिडेट करा. तसं केलं की अ‍ॅटॅच करताना पूर्ण टेबल पुन्हा तपासलं जात नाही. दिवसागणिक पार्टिशनचा मोह आवरा. दहा वर्षांची साडेतीन हजारांवर पार्टिशन होतात, त्यात प्रत्येकाचे इंडेक्स, आणि तारखेची अट न घातलेली एक क्वेरी त्या सगळ्यांवर लॉक घेते. महिना बहुतेकांना पुरतो.

मायग्रेशन हजारो स्कीमांवर

स्कीमा वेगळ्याच ठेवायच्या असतील तर मायग्रेशन चालवणारी व्यवस्था मनापासून बांधा. सगळ्या स्कीमा एका ट्रान्झॅक्शनमध्ये कधीही घेऊ नका. लॉक शेवटपर्यंत धरलेले राहतात. स्कीमागणिक ट्रान्झॅक्शन, प्रत्येक स्कीमात आवृत्तीची नोंद, आणि लॉक_टाइमआउट दोन ते पाच सेकंद. टाइमआउटचं कारण असं: अल्टर टेबलला अ‍ॅक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक बहुतेक वेळा हवा असतो. समोर एखादी लांबलचक सिलेक्ट चालू असेल तर अल्टर रांगेत उभा राहतो, आणि त्याच्यामागे आलेल्या साध्या सिलेक्टही अडकतात. बाहेरून दिसतं ते असं की डेटाबेस बंद पडला. टाइमआउट असेल तर अल्टर माघार घेतो, आणि मायग्रेशनच्या व्यवस्थेने थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. आधी पाच स्कीमांवर चालवा, मग पन्नास, मग बाकीच्या. मधल्या काळात काही ग्राहक जुन्या साच्यावर तर काही नव्यावर असणारच, म्हणून कोड दोन्ही साच्यांवर चालायला हवा: आधी कॉलम वाढवा, मग कोड बदला, जुना कॉलम शेवटी काढा. काम संपलं की साच्यांची हॅश क्वेरी पुन्हा चालवा.

नावं, नोंदवही, नकाशा

विषयावर स्कीमा पाडा: विक्री, साठा, लेखा, संदर्भ. अधिकार रोलला स्कीमागणिक द्या आणि डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस लावा. मात्र ते ज्या रोलसाठी लावले त्याच रोलने बनवलेल्या टेबलांना मिळतात. मायग्रेशन दुसऱ्याच रोलने चालत असेल तर ‘अधिकार दिले होते, गेले कुठे?’ हा प्रश्न येतोच.

नावाची मर्यादा पोस्टग्रेसमध्ये ६३ बाइट आहे आणि ती ओलांडली तर एरर येत नाही. नाव कापलं जातं आणि एक नोटीस येते. लांबलचक नावाच्या शेवटी वर्ष-महिना चिकटवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हे घातक ठरतं. कापल्यावर मार्च आणि एप्रिल यांचं नाव एकच होतं. इफ नॉट एक्झिस्ट्स लावलेलं असेल तर एप्रिलचं टेबल बनतच नाही, आणि एप्रिलच्या ओळी मार्चच्या टेबलात जाऊन बसतात, कारण इन्सर्टमधलं नावही तसंच कापलं जातं. नाव बनवणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये लांबी तपासा.

प्रत्येक टेबलावर कॉमेंट हवी: कशासाठी, कोणत्या टीमचं, डेटा किती काळ ठेवायचा. ही कॉमेंट मायग्रेशनच्या फायलीतच लिहा आणि कॉमेंट नसलेलं टेबल तपासणीतच अडवा. वेगळ्या विकीवर लिहिलेली माहिती लवकरच शिळी होते. ईआर (टेबलांमधली नाती दाखवणाऱ्या) आकृत्यांसाठी स्कीमास्पायसारखं साधन चालेल, पण पाच हजार टेबलांची एक आकृती कुणी वाचत नाही. वीस-पंचवीस टेबलांचा एकेक नकाशा काढा. सॅपसारख्या प्रणालीत टेबलांमधली नाती डेटाबेसच्या फॉरेन कीमध्ये नसून तिच्या स्वतःच्या डेटा डिक्शनरीत असतात, तेव्हा तिथे आकृती काढणाऱ्या साधनाला काहीच सापडत नाही. नाती डिक्शनरीतून घ्यावी लागतात.

मेलेली टेबलं ओळखणं

पीजी_स्टॅट_यूझर_टेबल्समधले स्कॅनचे आकडे शून्य असले की टेबल मेलं, असं म्हणण्याची घाई नको. एक, आकडे कधीपासूनचे ते पीजी_स्टॅट_डेटाबेसमधल्या स्टॅट्स_रीसेटमध्ये बघा. दोन, स्टँडबायवरच्या वाचनाची नोंद स्टँडबायवरच होते. रिपोर्टिंग तिथे चालत असेल तर प्रायमरीवर टेबल निपचित दिसेल. तीन, उलट बाजूने, रात्रीचा पीजी_डंप प्रत्येक टेबल पूर्ण वाचतो आणि सीक्वेन्शियल स्कॅनचा आकडा वाढवतो. त्यामुळे सगळीच टेबलं जिवंत भासतात. इंडेक्स स्कॅन आणि लिहिण्याचे आकडे म्हणूनच जास्त बोलके. आवृत्ती १६ पासून शेवटच्या स्कॅनची वेळही मिळते. वर्षअखेरीलाच लागणारी टेबलं असतात, तेव्हा एक पूर्ण हिशेबी वर्ष डोळ्यांखालून जाऊ द्या.

संशयित टेबल दुसऱ्या स्कीमात हलवून ‘कोण ओरडतंय’ ते बघणं ही नेहमीची युक्ती. तिच्यात एक खोट आहे: व्ह्यू टेबलाला नावाने नाही, अंतर्गत क्रमांकाने धरून असतात, म्हणून टेबल हलवलं तरी व्ह्यू निमूट चालू राहतात. फंक्शनच्या मजकुरातली नावं मात्र मोडतात. म्हणून हलवण्याआधी पीजी_डिपेंड (कोण कशावर अवलंबून त्याची नोंद) तपासा. शेवटी ड्रॉप करताना कॅस्केड लिहू नका. अवलंबून असलेलं काही उरलं असेल तर पोस्टग्रेस स्वतःच नकार देईल, आणि तो नकार तुम्हाला हवाच आहे.

तात्पुरती टेबलं दिवसाला हजारोंनी बनवून उडवली जात असतील तर कॅटलॉगच फुगतो. ऑटोव्हॅक्यूम तो साफ करतो, पण तासन्‌तास उघडं राहिलेलं एखादं ट्रान्झॅक्शन त्याचे हात बांधतं. आधी ती ट्रान्झॅक्शनं शोधा. कॅटलॉगच्या टेबलांवर व्हॅक्यूम फुल चालतो, मात्र तेवढा वेळ सगळंच थांबतं. पीजी_रिपॅक (टेबल फारसं न अडवता आवरणारं साधन) कॅटलॉगवर चालत नाही.

मायएसक्यूएल

इनोडीबीत (मायएसक्यूएलच्या नेहमीच्या साठवण इंजिनात) मूळ सेटिंगनुसार टेबलामागे एक आयबीडी फाइल असते. इथे बघायचं ते टेबल_ओपन_कॅश (८.० मध्ये मूळ किंमत ४,०००), टेबल_डेफिनिशन_कॅश आणि ओपन_फाइल्स_लिमिट. ओपन्ड_टेबल्स हा स्टेटस आकडा दिवसभर सतत चढत असेल तर कॅश अपुरी आहे. ती वाढवताना ऑपरेटिंग सिस्टिमची फायलींची मर्यादाही वाढवा, नाहीतर मायएसक्यूएल ती गुपचूप खाली आणतो आणि फक्त एरर लॉगमध्ये वॉर्निंग देतो. ८.० च्या आधी इन्फर्मेशन स्कीमावरची क्वेरी टेबलागणिक फायली उघडत सुटायची, ८.० पासून डेटा डिक्शनरी इनोडीबीतच असल्याने ते दुखणं कमी झालं, पण तिथले आकडे २४ तासांपर्यंत शिळे असू शकतात. कमांड लाइन क्लायंट जोडताना अडकल्यासारखा वाटला तर तो सगळ्या टेबलांची आणि कॉलमची नावं वाचत बसलेला असतो; नो-ऑटो-रिहॅश पर्याय देऊन सुरू करा.

अपग्रेडबद्दल एक, परत पोस्टग्रेसकडे. पीजी_अपग्रेड (नव्या आवृत्तीवर नेणारं साधन) लिंक मोडमध्ये डेटा कॉपी करत नाही, पण प्रत्येक ऑब्जेक्टची व्याख्या डंप करून पुन्हा बनवतो. म्हणून लागणारा वेळ डेटाच्या आकारावर कमी आणि टेबलांच्या संख्येवर जास्त ठरतो. स्कीमाचं हे डंप-रिस्टोअर जॉब्ज पर्यायाने समांतर होतं ते डेटाबेसागणिक, म्हणजे एकाच डेटाबेसमधल्या लाख टेबलांना त्याचा उपयोग नाही. तीच टेबलं आठ डेटाबेसांत असतील तर आठ प्रोसेस एकावेळी चालतात. ग्राहक वाटून टाकायचे असतील तर ते अपग्रेडच्या आधी करा, आणि अपग्रेडचा सराव खऱ्या कॅटलॉगच्या प्रतीवर घ्या. टेबलं रिकामी असली तरी त्यासाठी चालतील.